आगीतून उचलून नेण्याचं कपाट



गेल्या महिन्यात आमच्या टोकियोच्या घरमालकीण आजींनी खालून हाक मारली. दारात जुनं लाकडी कपाट काढून ठेवलेलं, वर स्टिकर. इथे मोठं सामान टाकायचं तर आधी पैसे भरून स्टिकर घ्यावं लागतं. म्हणजे आजींनी ते फेकायला पैसे मोजले होते! "मुलगी नको म्हणते. ती किमोनो नेसतच नाही."

खणाखणांच्या अशा कपाटाला इथे तान्सू म्हणतात. आजींचं किरीच्या लाकडाचं. पूर्वी मुलगी जन्मली की किरीचं रोप लावायचं आणि तिच्या लग्नात त्याच झाडाचं तान्सू करून द्यायचं, अशी पद्धत होती. किरी भरभर वाढतं. आजींचं मात्र त्यांच्या आईने दुकानातून घेतलेलं.

हे लाकूड वजनाला अगदी हलकं. दमट हवेत फुगून फटी बुजवतं, त्यामुळे आतलं रेशीम कोरडं राहतं. खण इतके घट्ट बसतात की एक ढकलला की आतल्या हवेच्या दाबाने दुसरा अलगद बाहेर येतो. आमच्या चिरंजीवांनी संध्याकाळभर हाच खेळ केला. (एकीकडे हात लावला की दुसरीकडे काहीतरी बाहेर येतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नवीन नाही.)

मला भावल्या त्या बाजूंच्या लोखंडी कड्या. कपाट दोन भागांचं, एकावर एक ठेवलेलं. एदो, म्हणजे जुनं टोकियो, लाकडी घरांचं शहर, आगी नेहमीच्याच. आधी लोक चाकांच्या पेट्या वापरत. १६५७ च्या भीषण आगीत सगळे त्या ओढत बाहेर पडले, रस्ते तुंबले, माणसं अडकली. १६८३ मध्ये त्या पेट्यांवर बंदी आली. पुढे घराघरांत आली ती अशी हातांनी उचलायची तान्सू.

वडोदऱ्यात आम्ही हौसेने भिंतभर वॉर्डरोब करून घेतला होता. प्लायवूड, वर चकचकीत लॅमिनेट. फ्लॅट विकला तेव्हा तो भिंतीसकट गेला. आजीचा सागवानी पेटारा मात्र तिसऱ्या घरात आहे.

तर तान्सू आम्ही वर आणलं. खालच्या भागावर टीव्ही, वरचा भाग शेजारी, त्यात पोराचे कपडे. वायरींसाठी मागे भोक पाडायचा मोह आवरला. एसीचा झोत त्यावर येऊ देत नाही, कोरड्या हवेने लाकूड तडकतं. ओलं फडकंही नाही, किरीवर डाग पडतात. काळवंडलेलं किरी रंधून पुन्हा नव्यासारखं करणारे कारागीर इथे आहेत, पण आजींच्या मुलीने लहानपणी काढलेले ओरखडे त्यात जातील, म्हणून तसंच ठेवलंय.

मार्चमध्ये वडोदऱ्याला परतायचंय. जहाजाने पाठवायचा खर्च ऐकून बायको म्हणाली, "वरचा भाग तेवढा नेऊ." दोन भाग तोडायला माझं मन होत नाही. आजींना अजून सांगितलेलं नाही.