भिंतीवरचं इंद्रजाल

आमच्या हॉलमध्ये दाराच्या बरोबर समोर एक फ्रेम आहे. आत काळी, नाजूक जाळी... पिंपळाचं पान कुजून नुसत्या शिरा उरतात ना, तशी. बाबांच्या बायपासच्या वर्षी आईने एका जत्रेतून आणलेलं इंद्रजाल. घराला बाधा होत नाही म्हणे. 'समुद्रातली दुर्मिळ वनस्पती', असं मीही आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचो.

गेल्या महिन्यात समुद्री जीवशास्त्र शिकलेली एक मैत्रीण घरी आली. चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ फ्रेमसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, हा सी फॅन आहे. प्राणी."

प्राणी! तोही एक नाही, हजारोंची वसाहत. आतला सांगाडा शिंगासारख्या चिवट प्रथिनाचा, त्यावर मऊ साल आणि सालभर इवलेइवले पॉलिप, प्रत्येकाला मोजून आठ बाहू. जिवंतपणी लाल, पिवळा, जांभळा असा कुठलाही रंग. आमच्या भिंतीवर आहे ते साल गेल्यावर उरलेलं हाड.

एकदा खडकाला चिकटला की हा जागा सोडत नाही. भक्ष्यामागे धावता येत नाही, म्हणून बहुतेक वेळा प्रवाहाला आडवा पंखा पसरतो आणि वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतो. खाडीत कोळी जाळं लावून बसतात ना, अगदी तसंच. बऱ्याच जातींना उन्हाचीही गरज नसते, अंधाऱ्या कपारीतसुद्धा त्या वाढतात. मात्र वाढ फार सावकाश. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचा गुलाबी सी फॅन वर्षाला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतो. आमची जात वेगळी असेल, पण हातभर पंखा काही दोन-चार पावसाळ्यांत होत नसणार.

शिवाय त्यावर भाडेकरू असतात! १९६९ मध्ये न्यू कॅलेडोनियात जॉर्ज बार्गिबां यांनी मत्स्यालयासाठी एक सी फॅन काढून आणला, तेव्हा कुठे त्यावरचा २ सेंटीमीटरचा समुद्रघोडा दिसला. अंगावरचे फोडसुद्धा पॉलिपसारखे. आमच्या पंख्याबरोबर कोण कोण गेलं असेल, देव जाणे.

२००१ पासून सगळे सी फॅन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंक्तीत. इंद्रजाल म्हणून विकलं जाणारं काळं प्रवाळही तिथेच. विकणं सोडाच, बाळगणंही गुन्हा.

आईला हे सांगणं सोपं नव्हतं. बाबा बरे झाले ते डॉक्टरांमुळे, हे तिलाही कळतं. पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिच्या हातात धरायला तेवढंच होतं. तिला मी अंधश्रद्ध म्हणणार नाही. तिच्या भीतीचे पैसे करणाऱ्यावर मात्र माझा राग आहे. आई सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "जिवंत होतं हे माहीत असतं तर आणलं नसतं रे."

सोमवारी फ्रेम घेऊन आम्ही दोघं वनखात्याच्या ऑफिसात जाणार आहोत. काय विचारतील ते विचारोत.

आणि हो, आईने त्या जत्रेतून एकूण चार घेतली होती, भावंडांना एकेक म्हणून. उरलेली तीन कोणाकडे आहेत, ते इथे लिहीत नाही. वाचताय ना? गाडीत जागा आहे. रविवारपर्यंत फोन करा.