पडद्यानं नेलं, पडद्यानंच दिलं

पहिला बोलपट कोणता, असं विचारलं की बहुतेकजण ‘द जॅझ सिंगर’चं नाव घेतात. तो आला ऑक्टोबर १९२७ मध्ये. पण त्याच्या चौदा महिने आधीच न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी पडद्यावरच्या गवयाला चक्क टाळ्या दिल्या होत्या!

तारीख ६ ऑगस्ट १९२६. ब्रॉडवेवरचं वॉर्नर्स थिएटर. मुख्य चित्रपट ‘डॉन जुआन’. त्यात संवाद नव्हतेच. होतं फक्त पार्श्वसंगीत आणि तलवारींचा खणखणाट. खरी गंमत होती त्याआधीच्या छोट्या चित्रपटांत. वॉर्नर बंधूंनी ते ‘व्हायटाफोन’ या नव्या यंत्रणेवर तयार केले होते. आवाजी फितींचे प्रयोग आधीही झाले होते, पण लोकांना वेड लावलं ते या रात्रीनं.

सगळ्यात भाव खाऊन गेला जोव्हानी मार्तिनेल्ली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा हा इटालियन गायक. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा दूरचा भाऊ. फक्त तिथे जवळपास सगळंच गाऊन सांगायचं. मार्तिनेल्लीनं ‘पाल्याची’मधल्या विदूषकाचं गाणं म्हटलं. बायकोनं दगा दिलाय, काळीज फाटलंय, तरी तोंडाला रंग फासून लोकांना हसवायला जायचं आहे! त्याचा गुरुतुल्य पूर्वसुरी कारुसो १९१८ मध्ये पडद्यावर आला होता, पण मूकपटात. जगातला सर्वांत गाजलेला गळा, आणि ऐकू येत नव्हता. १९२१ मध्ये तो गेला. पाच वर्षं आधीच गेला, म्हणायचं.

पण कॅमेरा सगळ्यांनाच पावला नाही. एकोणीस वर्षांच्या मॅरियन टॅलीला त्याच वर्षी फेब्रुवारीत मेट्रोपॉलिटनच्या रंगमंचावर वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं होतं. पडद्यावर मात्र समीक्षकांनी नाकं मुरडली. कारण साधं आहे. रंगमंचावरचा गायक तोंड उघडतो, हात फेकतो, ते शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी. कॅमेरा तोच चेहरा भिंतीएवढा करून दाखवतो.

ही सगळी करामत चालायची कशी? आवाज फिल्मवर नव्हताच. तो असायचा सोळा इंची तबकडीवर. मिनिटाला ३३ १/३ फेरे, आणि सुई आतून बाहेर सरकायची. एक तबकडी, एक रीळ. सुईनं उडी मारली की गवयाचे ओठ एकीकडे, सूर दुसरीकडे! शिवाय वीसेक वेळा वाजली की तबकडी बाद. पुढे रिळं एका गोदामात, तबकड्या दुसऱ्याच कुणाच्या माळ्यावर, अशी ताटातूट झाली. कितीतरी गाणी मुकी झाली. १९९१ मध्ये काही हौशी संग्राहकांनी ‘व्हायटाफोन प्रोजेक्ट’ सुरू करून या जोड्या पुन्हा जुळवायला घेतल्या.

त्या रात्रीच्या कार्यक्रमात ॲना केस या गायिकेसोबत ‘द कॅन्सिनोज’ हे स्पॅनिश नर्तकही होते. एदुआर्दो कॅन्सिनो आणि त्याची बहीण एलिसा. त्यांचं पोट व्हॉडव्हिलवर, म्हणजे गाणी, नाच, नकला अशा फुटकळ कार्यक्रमांच्या रंगमंचावर. गावोगावच्या थिएटरमालकांना मात्र लवकरच हिशेब कळला. नामवंत कलाकाराला बोलावून बिदागी देण्यापेक्षा त्याचं रीळ आणि तबकडी मागवणं कितीतरी स्वस्त! बोलपट जोरात आले आणि व्हॉडव्हिल बसत गेलं. ज्या नवलाईत कॅन्सिनो भावंडं हौसेनं नाचली, तिनंच त्यांचा रंगमंच पायाखालून काढून घेतला.

एदुआर्दो कुटुंबासह कॅलिफोर्नियाला गेला आणि नाच शिकवू लागला. घरात एक मुलगी होती, मार्गारिटा. वडिलांच्या हाताखाली तीही घडली. मोठी झाल्यावर तिनं नाव बदललं आणि १९४१ मध्ये फ्रेड अस्टेअरबरोबर पडद्यावर नाचली. जग तिला रिटा हेवर्थ म्हणून ओळखतं.