पुस्तक खपवायला बाई कशाला हवी?



गेल्या हिवाळ्यात एका साहित्य संमेलनात आमच्या निवारागृहाला जागा मिळाली. जागा म्हणजे एका नामवंत लेखिकेच्या पुस्तकांच्या स्टॉलवर एक टेबल. वर फलक होता : ‘एक प्रत घ्या, निराधार भगिनीला आधार द्या.’ प्रतीची किंमत ४०० रुपये. त्यातले आधाराचे किती, हे फलकावर नव्हते. मी विचारले तर ‘नफ्यातला वाटा’ असे उत्तर मिळाले. नफा कोण मोजणार, हे विचारल्यावर बाई हसल्या.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. प्रकाशन समारंभात ‘तुमच्याकडची एखादी बाई’ व्यासपीठावर पाठवा, दोन शब्द बोलेल, लोकांचे मन द्रवेल. मी निवारागृहात विचारले. नवऱ्याने जाळलेली आमची एक मैत्रीण म्हणाली, “ताई, माझे डाग बघून किती पुस्तकं खपतील?” आम्ही कोणालाच पाठवले नाही. दोन महिन्यांनी ३,२०० रुपयांचा धनादेश आला. हिशेब आजवर आलेला नाही.

“पैसे तर आले ना?” असे आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात. निवारागृहाचे भाडे थकलेले असताना मलाही तसेच वाटते. पण म्हणूनच हा प्रश्न टाळता येत नाही.

पुस्तक विकून निधी जमवणे मुळात वाईट नाही. पंडिता रमाबाईंनी नेमके तेच केले. १८८७ साली अमेरिकेत ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ प्रसिद्ध करून, गावोगावी व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पण रमाबाई स्वतः विधवा होत्या, स्वतःच्या तोंडाने बोलत होत्या. पुस्तक कामासाठी होते, काम पुस्तकासाठी नव्हते. निधीसाठी बोस्टनला रीतसर मंडळ होते आणि त्याचे वार्षिक अहवाल छापले जात. परक्या देशात आपल्या बायकांचे दुःख मांडले म्हणून त्यांच्यावर आजही टीका होते. ती टीका जरूर करावी. पण मग आजच्या लेखकांनाही तीच फूटपट्टी लावावी!

बलात्कारित स्त्रीची ओळख छापून उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मारहाण झालेल्या, टाकलेल्या बाईच्या चेहऱ्याला असे संरक्षण कुठे आहे? ते आपणच द्यायचे आहे. आणि वाचकांनीही लक्षात घ्यावे, की ४०० रुपयांचे पुस्तक घेणे ही खरेदी आहे, देणगी नव्हे. देणगी द्यायची तर संस्थेच्या नावाने द्या आणि पावती मागा.

मी माझ्या संस्थेत तीन अटी मांडल्या आहेत. प्रतीमागे किती रुपये, हे आधी लेखी ठरावे आणि फलकावर लिहावे. विकलेल्या प्रतींचा हिशेब महिन्याच्या आत मिळावा. आणि आमच्या कोणत्याही मैत्रिणीची गोष्ट, फोटो वा हजेरी विक्रीसाठी मागू नये. तिला बोलायचेच असेल तर ती बोलेल, पण तिच्या विषयावर आणि तिच्या वेळी.

या अटींमुळे चार स्टॉल कमी मिळतील. मिळू देत. दारोदार फिरून वर्गणी मागायला आपण अजून विसरलेलो नाही. आपापल्या संस्थांच्या बैठकीत हा विषय घ्या आणि काय ठरले ते कळवा.