‘आई, तुम्ही खालीच थांबा’ हे आता पुरे



सुट्टी जवळ आली की घरोघरी श्रवणबेळगोळचा बेत ठरतो. आजी, मुलगा-सून, नातवंडं, कधी पणतूही. गाडी भरते. विंध्यगिरीच्या पायथ्याशी मात्र ठरलेलं वाक्य ऐकू येतं : “आई, तुम्ही खालीच थांबा. तुम्ही तर कितीदा पाहिलंय. बाळालाही जरा बघा.” सगळे वर जातात. आजी पिशव्या, चपला आणि रडणारं बाळ घेऊन खाली बसते. माझं भांडण या वाक्याशी आहे, आणि ते बहुतेक वेळा आपणच, म्हणजे सुना आणि लेकी, म्हणतो.

‘कितीदा पाहिलंय’ म्हणजे काय? बाहुबली स्वामी काय एकदा पाहून संपणारी वस्तू आहे? घरातल्या देवाचं दर्शन आपण रोज घेतो, ‘काल घेतलं होतं’ म्हणून सोडत नाही. मग आयुष्यात पाचव्यांदा क्षेत्रावर आलेल्या बाईचं दर्शन फुकटचं कसं? उलट तिलाच त्याची ओढ जास्त असते. तिने इथे सासूचं बोट धरून पाऊल टाकलेलं असतं.

या क्षेत्राची कथाच आठवा. चामुंडरायाची आई काललदेवी. तिला बाहुबलींच्या दर्शनाची आस लागली, म्हणून मुलगा तिला घेऊन यात्रेला निघाला, आणि त्यातूनच इ.स. ९८१ च्या सुमारास ही ५७ फुटी मूर्ती उभी राहिली, असं परंपरा सांगते. म्हणजे जिथे आपण आईला खाली बसवतो, ते क्षेत्र एका आईच्या इच्छेतून झालं आहे!

दुसरी कथा गुळ्ळकायज्जीची. चामुंडरायाने घडेच्या घडे दूध ओतलं, तरी अभिषेक स्वामींच्या पायापर्यंत पोचेना. एक म्हातारी फळाच्या एवढ्याशा करवंटीत दूध घेऊन आली, आणि तेवढ्याने पूर्ण मूर्ती न्हाली. तिची मूर्ती आजही वर, स्वामींच्या समोर उभी आहे. हजार वर्षांपूर्वी आजीला वर जागा मिळाली. आपण ती काढून घेतो.

तुम्ही म्हणाल, गुडघे दुखतात, साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या, त्याही अनवाणी. खरं आहे. पण पायऱ्यांपेक्षा आपली घाई जास्त आडवी येते. सकाळी बेळगोळ, दुपारी हळेबीड, संध्याकाळी म्हैसूरचा राजवाडा असा बेत असेल तर आजी अडचणच वाटणार. आम्ही गेल्या वर्षी दोन मुक्काम केले. उजाडताच, खडक तापायच्या आधी निघालो. दर पन्नास पायऱ्यांना बसायचं आणि एक णमोकार म्हणायचा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई दीड तासात वर पोचल्या. वाटेत ओदेगल बस्तीची, अखंड दरवाजाची माहिती मुलांना त्यांनीच सांगितली. मूर्तीच्या पायाशी कोरलेली जुनी मराठी अक्षरंही त्यांनीच दाखवली. आम्ही एरवी फोटो काढून उतरलो असतो.

डोलीबद्दल काही आज्या म्हणतात, दुसऱ्याच्या खांद्यावर बसून कसलं दर्शन? ही अहिंसेची शंका आहे, तिला हसू नका. तो निर्णय त्यांचा. पण त्या बसणार असतील तर डोलीवाल्याशी घासाघीस करू नका. त्याचा घाम आहे.

आणि डॉक्टरांनी चढायला मनाईच केली असेल, तर नाहीच चढायचं. मग गावातली भंडारी बस्ती आहे, चोवीस तीर्थंकर तिथे एका रांगेत आहेत. जवळच अक्कन बस्ती आहे. ११८१ मध्ये आचियक्क नावाच्या बाईने बांधवली. तिथे आजीला घेऊन कोणीतरी निवांत बसा. बाळ आणि पिशव्या पाळीपाळीने सांभाळा, त्यात मुलगा आणि जावईही आले.

एक गोष्ट स्वयंपाकाची. सूर्यास्ताआधी सगळ्यांची जेवणं व्हायला हवीत म्हणून सून दुपारपासून स्टोव्हपाशी अडकते. क्षेत्रावर भोजनशाळा असते, तिथे जेवा. आजीला वर न्यायचं आणि सुनेला खाली ठेवायचं, हाही अन्यायच.

मागचा महामस्तकाभिषेक २०१८ मध्ये झाला. बारा वर्षांच्या हिशेबाने पुढचा २०३० मध्ये येईल. तेव्हा सत्तरीची असलेली आजी तेव्हापर्यंत ब्याऐंशीची होईल. गर्दीच्या त्या सोहळ्यात तिला नेणं तुम्हाला जमणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून याच हिवाळ्यात न्या, आणि पायथ्याशी पोचल्यावर पहिलं विचारा : “आई, चढायचं ना?”