नाण्यांवरील देवता

जासईच्या एका वाचक भगिनीनें विचारलें आहे : "पेटींतील जुनीं चांदीचीं नाणीं मोडून मुलीचे पैंजण करावे, असा घरांत विचार चालला आहे. एकावर देवतेसारखी आकृति दिसते. नाण्यांवर देव कोरण्याची चाल मूळची ग्रीकांची म्हणतात. तिचा आपल्याशीं कांहीं संबंध आहे काय?"

संबंध आहे, आणि तो मोठा मनोरंजक आहे. ग्रीक नगरें आपल्या आराध्यदेवता नाण्यांवर कोरीत. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस अथीना देवी, तर दुसऱ्या बाजूस तिचें घुबड असे. आपण ज्यास अशुभ मानतों, तें तिकडे बुद्धिदेवतेचें चिन्ह! अलेक्झांडरच्या नाण्यांवर सिंहचर्म ल्यालेला हेराक्लीस व सिंहासनस्थ झ्यूस आढळतात.

पुढें बाल्खकडील ग्रीक राजांनीं ही चाल हिंदुस्थानच्या सीमेपर्यंत आणिली. त्यांपैकीं अगाथोक्लीस ह्या राजाचीं सहा चौकोनी रौप्य नाणीं १९७० सालीं अफगाणिस्तानांत आय-खानूम येथें फ्रेंच संशोधकांस सांपडलीं. त्यांवर एकीकडे नांगर-मुसळ घेतलेला संकर्षण व ग्रीक अक्षरें, तर दुसरीकडे शंखचक्रधारी वासुदेव व ब्राह्मी अक्षरें आहेत. राजा यवन, पण देव आपले! ह्याच दोन देवांस कांहीं पिढ्यांनंतर आपल्या नाणेघाटांतील सातवाहन लेखाच्या आरंभीं वंदन केलेलें आहे. आणि हा घाट म्हणजे कल्याण बंदराहून जुन्नरकडे जाणारी प्राचीन वाट.

नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें १९०६ सालीं तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं निघालीं. तीं क्षत्रप नहपानाचीं असून त्यांवर ग्रीक वळणाचीं अक्षरें, वज्र व बाण आहेत. त्यांतील सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाची सत्ता कोणीं हिरावून घेतली, ह्याची साक्ष तीं नाणींच देतात. तीं कोणा सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं, तर ती साक्षही वितळली असती.

म्हणून भगिनींस विनंति, कीं नाणीं चिंच-राखेनें घासूं नयेत आणि जाणत्यास दाखविल्यावांचून मोडूं नयेत. जमिनींत पुरलेलें धन दहा रुपयांहून अधिक किंमतीचें सांपडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरास कळविणें बंधनकारकच आहे. पैंजण नव्या चांदीचे होतील. हरवलेला इतिहास मात्र कोणताही कारागीर घडवून देणार नाहीं.