आधी गुडघा, मग शिट्टी

आमच्या माहुरात वादाला विषय कमी पडले, असे कधी झाले नाही. नवरात्रात रेणुकेच्या गडावर गर्दी जास्त की दत्तजयंतीला शिखरावर, पैनगंगेला यंदा पाणी किती दिवस टिकेल, कापूस आताच विकावा की संक्रांतीपर्यंत घरात ठेवावा, यांवर इथली माणसे चहाचे चार-चार कप रिते करतात. या जुन्या विषयांच्या पंक्तीत गेल्या काही वर्षांत एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. तो म्हणजे विलायतेतला फुटबॉल. आणि पाहुणा असा, की बसल्याबरोबर त्याने यजमानालाच वाढायला लावले!

पुण्या-मुंबईचे वाचक इथे हसतील. 'कोल्हापूरचे सांगा, पटेल; पण माहुरात फुटबॉल?' असे म्हणतील. कबूल आहे. पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला म्हणजे कोल्हापुरात जशी माणसे लोटतात, तशी आमच्याकडे लोटत नाहीत. पण फुटबॉलशी आमचे नाते अगदीच सावत्र नाही. १९५६ पर्यंत आमचा हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. माहूर ज्या किनवट तालुक्यात मोडे, तो तर आदिलाबाद जिल्ह्यातच होता. आणि त्या काळचे हैदराबाद म्हणजे हिंदुस्थानी फुटबॉलची पंढरी. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला या विषयावर तोंड उघडायला एवढा आधार पुरे!

तर शनिवारी रात्री बसस्थानकासमोरच्या हॉटेलात तीन पक्ष जमतात. लिव्हरपूलवाला मोबाइल दुरुस्त करतो, मँचेस्टर सिटीवाला झेरॉक्सच्या दुकानात बसतो आणि आर्सेनलवाला बी.एड. करतो आहे. तिघांपैकी एकानेही अजून मुंबईचा समुद्र पाहिलेला नाही. पण लंडनच्या कोणत्या मैदानाला कोणत्या रस्त्याने जावे, हे तिघांना तोंडपाठ. दिवाळीच्या सुमारास विलायतेतली घड्याळे एक तास मागे सरकतात आणि आपल्याकडे साडेसातला दिसणारा सामना साडेआठला सुरू होतो, ही गोष्ट आता हॉटेलच्या मालकालाही ठाऊक झाली आहे. तो त्या हिशेबाने दूध जास्त घेतो.

या मंडळींच्या वादात पहिला मान पंचाचा. गावातल्या भांडणात जसा पोलीसपाटील, तसा इथे पंच. दोन्ही बाजूंनी शिव्या त्यालाच. लिव्हरपूलवाल्याने ३० सप्टेंबर २०२३ ही तारीख श्राद्धाच्या तिथीसारखी लक्षात ठेवली आहे. प्रकार असा झाला. तिथल्या पहिल्या दर्जाच्या सामन्यांत २०१९ पासून मैदानावरच्या पंचाखेरीज आणखी एक पंच दूरच्या खोलीत पडद्यासमोर बसवलेला असतो. पोरे त्याला 'व्हीएआर' म्हणतात. टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियासने गोल मारला. रेषापंचाने ऑफसाइडचे निशाण वर केले. खोलीतल्या पंचाने चित्र थांबवून, रेघा मारून पाहिले, तर गोल शुद्ध होता. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे, अशी त्याची समजूत! म्हणून त्याने 'तपासणी पूर्ण' एवढेच कळवले. मैदानावरच्या पंचाने त्याचा अर्थ घेतला, ऑफसाइड बरोबर. खेळ सुरू झाला, मागाहून चूक ध्यानात आली. पण एकदा सुरू झालेला खेळ मागे नेण्याची सोय नियमात नाही. लिव्हरपूल २-१ असे हरले, आणि सामना संपल्यावर पंचांच्या संस्थेने चूक कबूल केली.

ऐकून मला नवल वाटले नाही. कचेरीतला कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना जे होते, तेच तिथे यंत्रांच्या साक्षीने झाले इतकेच. "पण गुरुजी, आमचा गोल गेला त्याचं काय?" असे लिव्हरपूलवाला अजून विचारतो.

या पंचाच्या कथेत एक जुनी गंमत आहे, ती मी त्याला सांगितली. पूर्वी फुटबॉलमध्ये पंच मैदानाबाहेरच उभा असे. आत दोन्ही संघांचा एकेक मध्यस्थ असायचा, आणि त्या दोघांचे एकमत झाले नाही तरच बाहेरच्याला विचारीत. १८९१ साली नियम बदलला आणि पंचाला मैदानात आणले. पेनल्टीचा जन्मही त्याच वर्षीचा, आणि योगायोग असा की मुंबईचा रोव्हर्स चषकही १८९१ सालीच सुरू झाला. म्हणजे वाद मिटावेत म्हणून ज्याला बाहेरून आत आणले, त्याचाच एक भाऊ सव्वाशे वर्षांनी पुन्हा बाहेर नेऊन खोलीत बसवला. वाद आपले होते तिथेच आहेत!

वाद असायलाही माझी हरकत नाही. पंचाच्या चुकीवर काळ हे औषध आहे. पुढच्या शनिवारी दुसरा सामना असतो, पुढच्या साली दुसरा हंगाम असतो. ज्या गोष्टीवर असे औषध सहजी मिळत नाही, तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. ती म्हणजे खेळणाऱ्याचे शरीर.

आता हेच पाहा. १७ ऑक्टोबर २०२० रोजी एव्हर्टनचा गोलरक्षक पिकफर्ड याने लिव्हरपूलच्या व्हॅन डाइकच्या पायांवर झेप घेतली. व्हॅन डाइक ऑफसाइड होता, निशाण वर झाले, आणि पिकफर्डला साधे पिवळे कार्डसुद्धा मिळाले नाही. व्हॅन डाइकच्या गुडघ्यातला बंध तुटला आणि त्याचा उरलेला सबंध हंगाम बुडाला. यावर आमच्या हॉटेलात आजही वाद होतो. ऑफसाइड झाल्यावर लाल कार्ड देता येते की नाही? येते, आडदांडपणाला ऑफसाइडची ढाल नाही, असे नियमच सांगतो. पण तो गडी इतके महिने काय करीत होता, पुन्हा पाऊल टाकताना त्याला कसे वाटले असेल, हा प्रश्न तीन पक्षांपैकी एकानेही काढल्याचे मला आठवत नाही.

किंवा सिटीच्या रॉड्रीचे घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने बोलून दाखवले की सामने फार झाले, खेळाडू आता संपावर जाण्याच्या बेतात आहेत. पुढे आठवडाही झाला नाही, तोच २२ तारखेला आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्यातला तोच बंध तुटला. पुढच्याच महिन्यात जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा 'बॅलन डी'ऑर' हा मान त्याने कुबड्यांवर येऊन स्वीकारला, आणि सिटीचा संघ त्या हंगामात तिसरा आला. सिटीवाल्याने त्याचे दुःख केले ते 'आमचा संघ तिसरा आला' म्हणून. आणि आर्सेनलवाल्याने त्या रात्री पेढे वाटले नाहीत हे खरे, पण सर्वांच्या चहाचे पैसे त्याने दिले हेही खरे.

जुन्या काळी तर याहून कठीण. इंग्लंडच्या लीग सामन्यांत १९६५ पर्यंत बदली खेळाडूच घेता येत नसे. ज्याला लागले त्याने लंगडत खेळावे, नाहीतर संघाने दहांनिशी भागवावे. १९५६ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक ट्राउटमन, जो युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आलेला जर्मन होता, प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर झेपावला आणि त्याच्या मानेला मार बसला. तो तसाच शेवटपर्यंत खेळला. मान मोडल्याचे काही दिवसांनी क्ष-किरणांत दिसले! पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडच्या वुडचे गालाचे हाड मोडले, आणि ज्याची धडक बसली त्या ॲस्टन व्हिलाच्या मॅकपार्लंडनेच दोन गोल करून चषक नेला.

आपल्याकडेही अशी कथा आहे, आणि तिचे सूत्र पुन्हा हैदराबादच्या रहीम मास्तरांकडे जाते. १९६२ च्या जाकार्ता आशियाई खेळांत भारताचा जर्नेलसिंग डोक्याला टाके पडलेले असताना खेळायला उतरला. रहीमांनी त्याला बचावातून काढून पुढच्या फळीत घातले, आणि दक्षिण कोरियाविरुद्ध ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात त्याने त्याच डोक्याने गोल केला. २-१ असे सुवर्णपदक आले. रहीम स्वतः तेव्हा कर्करोगाने पोखरले होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

अशा कथा सांगताना ऊर भरून येतो, आणि भरून यावाच. परंतु त्यांचा एक परिणाम वाईट होतो. मैदानाबाहेर बसलेल्याला वाटू लागते, की पडलेल्याने उठलेच पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या इथे जे घडले, ते यासाठीच सांगतो. गडाच्या पायथ्याशी मुरमाच्या मैदानावर आमच्या मंडळींचा सामना चालला होता. त्यात एक पोर होते, पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारे. आई गडाच्या पायऱ्यांवर देवीचा तांबूल कुटून विकते. चेंडू घेऊन हा वळला आणि आपला आपण पडला. झाले! पेनल्टी की नाही, यावर दोन्ही बाजू एकमेकांच्या अंगावर गेल्या. "धक्का दिला!" "अबे, शिवलंसुद्धा नाही त्याले!" शिट्टी ज्याच्या गळ्यात होती, त्याची गचांडी धरेपर्यंत मजल गेली. इतका वेळ ते पोर लिंबाखाली गुडघा धरून बसलेले. एक वयस्कर गृहस्थ त्याला म्हणाले, "ऊठ रे, जर्नेलसिंग टाके घालून खेळला होता!" पोर बिचारे उठू लागले.

तेवढ्यात सिटीवाल्याचे लक्ष गेले. गर्दीतून बाहेर येऊन त्याने विचारले, "पडताना आतून कट्ट आवाज आला काय बे?" पोराने मान हलवली. "पाय टेकला की गुडघा सरकल्यासारखा वाटतो?" पुन्हा मान हलली. तशी हा ओरडला, "कोणी उठवू नका त्याले! रॉड्रीचंच झालं आहे हे!"

पेनल्टी तिथेच राहिली. थंड पेयांच्या दुकानातून बर्फ आला. गुडघा तासाभरात टम्म सुजला. संध्याकाळी कोणीतरी चोळून हाड बसवणाऱ्याला घेऊन आले, तेव्हा तिन्ही पक्ष दारात उभे राहिले आणि त्यांनी हात लावू दिला नाही. वर्गणी जमली. दुसऱ्या दिवशी सव्वाशे किलोमीटरवरच्या नांदेडला नेऊन एमआरआय काढला. बंध तुटलाच होता. डॉक्टर म्हणाले, तसाच पळत राहिला असता तर आतली गादीही फाटली असती, मग भरतीचे नावच नको. शस्त्रक्रिया झाली. नऊ महिने पळायचे नाही असे ठरले, आणि त्या वर्षीची भरती गेली. वयाची अट अजून काही वर्षे आड येत नाही, एवढेच समाधान. विलायतेतला खेळाडू घरी बसला तरी त्याचा पगार चालू राहतो. याच्या घरी तेवढे महिने आईचा एकटीचा तांबूल चालू होता.

आता तुम्ही म्हणाल, रात्र-रात्र जागून परक्या देशाचा खेळ पाहिल्याचा शेवटी उपयोग झाला ना? झाला, आणि तो मी आनंदाने मान्य करतो. हजारो कोसांवरच्या एका गुडघ्याची बातमी वाचून ठेवली होती, म्हणून इथला एक गुडघा ओळखता आला. माझे म्हणणे एवढेच, की त्या बातमीतून 'आमचा संघ तिसरा आला' याच्यापुढेही काही वाचता येते. फिफाच्या वैद्यकीय मंडळींनी २००६ साली तयार केलेला 'इलेव्हन प्लस' नावाचा व्यायाम आहे. वीस मिनिटांचा. यंत्र नको, पैसे नकोत. सावकाश पळणे, एका पायावर तोल धरणे, उडी मारून गुडघे आत न वळवता अलगद उतरणे, असा साधा प्रकार. आठवड्यातून दोन-तीनदा केला तर दुखापती ठळकपणे कमी होतात, असे पुष्कळ देशांत तपासून पाहिले आहे. आमची मंडळी आता सामन्याआधी तो करतात. आर्सेनलवाला एका पायावर उभा असताना बाकीचे दोघे त्याला ढकलतात, ही गोष्ट अलाहिदा!

शाळामास्तर म्हणून मी त्यांना एक नियमही घालून दिला आहे: आधी गुडघा, मग शिट्टी. कोणी पडले की पहिल्यांदा त्याच्याकडे पाहायचे, तो बरा आहे अशी खात्री झाली की मग पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार खुशाल करायचा. या नियमाने पंचावर अन्याय होतो खरा, पण त्याला त्याची सवय असते.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुटीत तुमच्या आळीतली पोरे चेंडू घेऊन बाहेर पडतील, तेव्हा चकलीची बशी खाली ठेवून एवढे त्यांना सांगा. गावात हाडांचा डॉक्टर कुठे आहे आणि बर्फ कोणत्या दुकानात मिळतो, हेही एकदा पाहून ठेवा. दिवाळी सुखाची जावो, आणि सगळ्यांचे गुडघे धड राहोत!