वाचायला वेळ कोणी द्यायचा?

एप्रिलच्या मध्यावर शाळांच्या परीक्षा संपत आल्या की वृत्तपत्रांतून आणि साप्ताहिकांतून ‘सुट्टीत काय वाचाल?’ अशा मथळ्याच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात. या याद्या करणारी मंडळी रसिक असतात, त्यांनी सुचविलेली पुस्तकेही बहुधा चांगली असतात. तथापि या सर्व याद्यांमागे एक गृहीत असते आणि त्याची तपासणी सहसा कोणी करीत नाही. उन्हाळा म्हणजे रिकामपण, आणि रिकामपण म्हणजे वाचन, हे ते गृहीत होय. ज्यांच्या घरी मे महिन्यात पंखा आणि सुट्टी या दोन्ही गोष्टी एकदम उपलब्ध असतात, त्यांच्यापुरते ते खरेही असेल. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत एखादा मे महिना काढणाऱ्यास मात्र ते पटणे कठीण आहे.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत उन्हाळा हा ऐन घाईचा काळ. गणेशोत्सव भाद्रपदात असला, तरी परदेशी जाणाऱ्या मूर्ती त्याच्या कितीतरी आधी बोटीने रवाना व्हाव्या लागतात. शिवाय पावसाळी हवेत मूर्ती लवकर वाळत नाहीत, म्हणून ओतकाम आणि घासकाम उन्हे आहेत तोवर उरकून घ्यावे लागते. शहरात, हमरापूरला, जोह्याला घरोघरी हेच चाललेले असते. दुसरीकडे पोह्याच्या पापडांच्या लाट्यांवर बायांचे हात सकाळपासून फिरत असतात. मिठागरांचा हंगाम याच दिवसांतला. शेतकऱ्याला राब भाजायचे असतात, बांधबंदिस्ती पाहायची असते, घर शाकारायचे असते. प्रत्येक घरातील बाईला आगोटीची चिंता असते. लाकूडफाटा, मसाला, सुकी मासळी, लोणचे, सारे मृगापूर्वी घरात यावे लागते. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांत तर ऋतूच नाही, पाळ्या आहेत. मुंबईहून आलेला चाकरमानी पाहुणा ओटीवर कादंबरी घेऊन पहुडलेला दिसतो, हे खरे. परंतु त्याच्या हाती चहाचा कप देणारी त्या घरची सून ती कादंबरी केव्हा वाचणार, हा प्रश्न त्याच्या मनात येतोच असे नाही.

‘वाचायला वेळ मिळत नाही’ ही तक्रार ऐकली की आपण सुशिक्षित माणसे किंचित हसतो. ज्याला वाचायचे असते त्याला वेळ मिळतोच, असे एक ठरलेले उत्तरही आपण देतो. हे उत्तर अन्यायाचे आहे. वेळ ही वस्तू पैशासारखीच असमान वाटली गेलेली आहे. ज्याच्यापाशी ती नाही त्याला उपदेश करणे म्हणजे भुकेल्यास पाककृती वाचून दाखविण्यासारखे आहे. मग ज्यांचे हात गुंतलेले आहेत अशांनी कादंबरीवाचून राहावे काय? तसे मुळीच नाही. ज्यांचे हात गुंतलेले आहेत त्यांचे कान पुष्कळदा मोकळे असतात, ही गोष्ट आपले पूर्वज जाणून होते. आपण ती विसरलो.

चातुर्मासात गावोगावी पोथी लागत असे आणि अजूनही काही ठिकाणी लागते. हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत हे ग्रंथ महाराष्ट्रातील लक्षावधी निरक्षर माणसांना पाठ होते, ते वाचनाने नव्हे, श्रवणाने. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, ही वाचनाची दुय्यम रीत आहे असे त्यांना कधी वाटले नाही. अर्वाचीन काळातील एक ठळक उदाहरण तर पेण तालुक्याच्या मातीतलेच आहे. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली याच तालुक्यातील गागोदे या गावी झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी ते गीतेवर बोलत गेले, सहबंदी ऐकत गेले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. त्यातून ‘गीताप्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. म्हणजे लाखो वाचकांनी पुढे वाचलेले हे पुस्तक आधी ऐकले गेले होते. त्याच साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’च्या प्रकरणांना प्रकरणे म्हटलेले नाही, त्या ‘रात्री’ आहेत. दिवसाचे काम संपल्यावर मित्र जमतात आणि श्याम सांगतो. मराठीतील बहुधा सर्वांत अधिक वाचल्या गेलेल्या कथेची रचनाच अशी ऐकणाऱ्यांच्या सोयीची आहे.

ही केवळ आपल्याकडची भाविक चाल आहे असेही कोणी समजू नये. क्यूबातील हवाना शहरी चिरुटांच्या कारखान्यांत १८६५ च्या सुमारास एक प्रथा सुरू झाली. कामगार तंबाखूची पाने वळीत बसत आणि त्यांच्यासमोर उंच आसनावर बसलेला वाचक त्यांना वृत्तपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवी. त्याचे वेतन मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून देत. कोणती कादंबरी लावायची हेही तेच ठरवीत. ड्यूमा आणि ह्यूगो त्यांच्या विशेष आवडीचे. ‘माँटे क्रिस्टो’ हे चिरुटाचे प्रसिद्ध नाव ड्यूमाच्या कादंबरीवरूनच आले, असे सांगतात. सरकारला या वाचनाची इतकी धास्ती वाटली की वर्षभरातच त्यावर बंदी घालण्यात आली. अर्थात ती टिकली नाही. आपल्या देशात केरळातील कण्णूरकडच्या विडी कामगारांनी हीच पद्धत चालविली. एकाने वाचावे आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतरांनी वळून द्याव्यात, असा तो व्यवहार होता. वेळ कोठून आणायचा याचे इतके प्रामाणिक उत्तर दुसरे क्वचितच सापडेल. एकाचा वेळ दहांनी मिळून विकत घेतला.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात हे का होऊ नये? तेथेही माणसे तासन्‌तास एका जागी बसून काम करतात. हात सरावाने चालतात आणि मन रिकामे राहते. आज ती पोकळी ध्वनिक्षेपकावरची गाणी आणि भ्रमणध्वनीवरची तुकड्या-तुकड्यांची करमणूक भरून काढीत आहे. गाण्यांशी आमचे वैर नाही. डोळ्यांच्या आखणीसारखे एकाग्रतेचे काम ज्याच्या हाती असेल त्याला शांतताच हवी, हेही मान्य. परंतु साच्यातून काढणे, घासणे, पांढरा रंग देणे ही कामे चालू असताना सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास एखाद्या महाविद्यालयीन मुलाने किंवा मुलीने कादंबरी वाचली, तर तीन आठवड्यांत एक मध्यम आकाराची कादंबरी सहज पुरी होईल. सुट्टीत घरी बसलेल्या मुलांना काम हवे असते, आणि वाचनाचे थोडे मानधन कारखानदारास जड जाऊ नये. पापड लाटणाऱ्या बायांच्या पडवीत तर मानधनाचीही गरज नाही; घरातील आठवी-नववीची मुलगी पुरे.

यावर एक आक्षेप येईल. ध्वनिमुद्रित पुस्तके आता हवी तेवढी मिळतात, मग वाचणाऱ्या माणसाचे प्रयोजन काय? ध्वनिमुद्रित पुस्तके चांगलीच आहेत, रोह्याहून दिव्याकडे गाडीने जाणाऱ्या नोकरदाराला ती अवश्य उपयोगी पडावीत. परंतु यंत्र थांबत नाही. ‘अगं, पण ती परत का गेली?’ असे पापड लाटता लाटता कोणी विचारले तर ते उत्तर देत नाही, आणि त्या प्रश्नावरून पडवीत जो वाद पेटतो त्याची वाटही पाहत नाही. कादंबरीचा अर्धा आनंद त्या वादात असतो. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. यमूचे पुढे काय होणार याची वाट एक अख्खा समाज आठवडाभर एकाच वेळी पाहत होता. आज ज्याने त्याने आपापल्या कोपऱ्यात, आपापल्या सवडीने वाचायचे ठरविल्यामुळे ही सामायिक उत्कंठा आपण गमावली आहे.

मोठ्याने वाचण्यासाठी सर्वच कादंबऱ्या सारख्या सोयीच्या नसतात. विचारांची गुंतागुंत असलेल्या कादंबऱ्या एकट्यानेच वाचाव्यात. परंतु व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. आकाराने लहान, वाक्ये सुटसुटीत, आणि माणदेशातील त्या धनगरवाडीतला शाळामास्तर पहिल्या पानापासून ऐकणाऱ्याला बरोबर घेऊन चालू लागतो. श्री. ना. पेंडशांची ‘रथचक्र’ घ्या. मुलांच्या शिक्षणासाठी जिद्दीने उभी राहिलेली त्यातली कोकणी बाई ज्यांना ओळखीची वाटणार नाही असे घर या दोन तालुक्यांत शोधूनही सापडणार नाही. गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ उजाड होत चाललेल्या कोकणी गावाची गोष्ट सांगते. मे महिन्यात उघडणारी आणि जूनमध्ये पुन्हा कुलूप लागणारी घरे पाहणाऱ्यांना ती वेगळी समजावून द्यावी लागणार नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ वऱ्हाडातली. पण कौतिकच्या संसाराची ओढाताण मिठागरावर राबणाऱ्या बाईला परकी वाटू नये. आणि विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ तर येथे आवर्जून वाचली जावी. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील बावीस गावांत विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यावी की नाही यावर शेतकऱ्यांचे मतदान घेण्यात आले होते. धरणाखाली गाव गेलेल्या माणसांची ही कादंबरी त्या गावांतील ओट्यांवर वाचली गेली, तर कादंबरी म्हणजे रिकाम्या वेळेची चैन हा समज आपोआप गळून पडेल. आपल्यावर आले ते दुसऱ्यावरही आले होते, हे कळणे आणि त्याने ते कसे सोसले हे पाहणे, ही चैन नव्हे.

आता राहिला पुस्तक मिळण्याचा प्रश्न. चांगली कादंबरी जाहिरातीने हातात येत नाही. ‘हे वाच, तुला आवडेल’ असे सांगणाऱ्या माणसामुळे येते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी धाडल्या होत्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून तीच कल्पना नव्याने रुजविली आणि या पेट्या पाहता पाहता परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचल्या. पेण आणि रोह्यातील प्रत्येक आळीने एवढेच करावे. दहा घरांनी आपल्या सर्वांत आवडत्या कादंबरीची एकेक प्रत एका पेटीत ठेवावी, प्रत्येकीच्या आतल्या कोऱ्या पानावर ती का आवडली हे चार ओळींत लिहावे, आणि ती पेटी घरोघर फिरवावी. पुस्तक हरवेल, फाटेल, त्यावर तेलाचे डाग पडतील. पडू द्यावेत. कपाटात स्वच्छ राहिलेल्या कादंबरीपेक्षा पापडखाराचा वास लागलेली कादंबरी अधिक भाग्यवान.

सार्वजनिक ग्रंथालयांनाही येथे काही करता येईल. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, अनुदाने मिळू लागली आणि ग्रंथालये गावोगावी निघाली. पुस्तक स्वस्त व्हावे, सर्वांपर्यंत जावे यासाठी शासनाने १९५७ साली नॅशनल बुक ट्रस्ट स्थापन केला, तेव्हा त्याचे मानद अध्यक्षपद ज्यांनी सांभाळले ते चिंतामणराव देशमुख रोह्यात लहानाचे मोठे झाले होते. अर्थमंत्रिपद भूषविलेल्या, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या माणसाला हे काम किरकोळ वाटले नाही, याची आठवण रोहेकरांनी ठेवावी. परंतु पुस्तकाची उपलब्धता ही अर्धीच बाजू झाली. गृहिणीला आणि कामगाराला जेव्हा सवड असते त्याच भर दुपारी पुष्कळ ग्रंथालयांची दारे बंद असतात. निदान मे महिन्यात ती दुपारी उघडी ठेवता येतील. मोठ्याने वाचण्यासाठी नेलेल्या पुस्तकास मुदत वाढवून देता येईल. कारखान्याच्या नावाने एक वर्गणी घेऊन तेथे पुस्तक पाठविता येईल. तुटपुंज्या वेतनावर काम करणाऱ्या ग्रंथालय सेवकांवर हा भार टाकावयाचा, तर त्याचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे, आणि तो देण्याची जबाबदारी शासनाइतकीच गावातील सधन मंडळींचीही आहे.

सुट्टीच्या वाचनाच्या याद्या यंदाही निघतील, त्यांचे स्वागतच आहे. यादी करणाऱ्यांना आणि ती आवडीने वाचणाऱ्यांना एकच विनंती करावीशी वाटते. सुट्टीत गावी जाल तेव्हा कादंबरी अवश्य न्या. परंतु ओटीवर पहुडून ती एकट्याने संपवू नका. पडवीत लाट्या पडत असतील तेथे जाऊन बसा, पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात करा, आणि वाचता वाचता घसा सुकला की चहा स्वतः उठून करा. तेवढा वेळ पुस्तक त्यांच्यापैकी कोणीतरी वाचील.